खलाशाची कातडी



आपल्याकडे वडीलधारा माणूस तरुणाला दटावताना म्हणतो, "आमचे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत." म्हणजे उन्हाने जे होते ते आपोआप होते, त्यात शहाणपणाचा संबंध नाही. म्हण ठसक्याची आहे, पण सर्वस्वी खरी नाही. ऊन माणसाच्या अंगावर जे लिहिते ते वाचून वैद्यकशास्त्राने गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत पुष्कळ शहाणपण मिळवले. मात्र ज्यांच्या अंगावर ते लिहिले गेले त्यांच्या पदरात त्यातले किती पडले, हा प्रश्न निराळा आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य गेटसभा, वाटाघाटी आणि नुकसानभरपाईचे अर्ज यांत गेले. त्या कामाने आम्हाला एक खोड लावली. कोणताही रोग समोर आला की आम्ही तीन गोष्टी विचारतो. तो प्रथम कोणाच्या अंगावर दिसला? तो टाळण्याचा उपाय प्रथम कोणाच्या हाती गेला? आणि कायद्याच्या पुस्तकात तो कोणत्या साली चढला? उन्हाने बिघडलेल्या कातडीला हेच तीन प्रश्न विचारले, तेव्हा जी हकीकत हाती आली ती आपल्यापुढे ठेवतो.

हकीकत हॅम्बुर्ग बंदरात सुरू होते. जर्मनीतल्या या मोठ्या बंदरात पॉल गेर्सन उन्ना नावाचे त्वचारोगतज्ज्ञ काम करीत. वर्षानुवर्षे शिडाच्या जहाजांवर काढलेले खलाशी त्यांच्या नजरेखालून जात. त्यांच्या चेहऱ्यावर आणि हातांच्या मागच्या बाजूवर त्यांना एकच चित्र वारंवार दिसे. कातडी तांबूस-निळसर, डागाळलेली, जाड व कोरडी. तिच्यावर खरखरीत, खवल्यांसारखे उंचवटे. आणि काहींच्या बाबतीत त्याच उंचवट्यांतून पुढे कर्करोग. अंगरख्याखालची कातडी मात्र त्याच माणसाची असूनही मऊ आणि निरोगी. १८९४ साली उन्नांनी आपल्या ग्रंथात या अवस्थेला नाव दिले, 'खलाशाची कातडी'. पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे रोगाच्या नावातच आहे.

दोन वर्षांनी, १८९६ साली, फ्रान्समध्ये बोर्दोचे डॉक्टर विल्यम द्युब्रोय यांनी तीच गोष्ट जमिनीवर पाहिली. बोर्दोचा परिसर द्राक्षमळ्यांचा. मळ्यात राबणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर असे खवले आणि कर्करोग शहरी लोकांपेक्षा फार आढळतात, असे त्यांनी नोंदवले आणि १९०७ साली सूर्यापासून होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगावर सविस्तर लिहिले. मधल्या काळात, १९०६ साली, शिकागोचे जेम्स नेव्हिन्स हाइड यांनीही प्रकाश आणि त्वचेचा कर्करोग यांचा संबंध मांडला, आणि काळ्या वर्णाच्या लोकांना हा रोग क्वचितच होतो हेही नमूद केले. खलाशी, मळेकरी, शेतकरी: पहिले पुरावे या मंडळींच्या कातडीने दिले.

येथे कोणी विचारील, ऊन भाजते हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? पण खरी गंमत पुढेच आहे. उन्हातले जे भाजते, ती उन्हाची उष्णता नव्हे. हे कळायलाही बराच काळ लागला. लंडनचे शस्त्रवैद्य एव्हरार्ड होम यांना प्रश्न पडला होता की, काळा रंग उष्णता अधिक शोषतो, मग उष्ण देशांतल्या माणसांना काळी कातडी असण्यात फायदा कोणता? १८२० च्या सुमारास त्यांनी स्वतःचे हात उन्हात धरले. एक उघडा ठेवला, दुसऱ्यावर काळे कापड घातले. कापडाखाली उष्णतामापक अधिक तापमान दाखवीत होता. तरी फोड आले ते उघड्या हातावर. म्हणजे भाजणारी वस्तू उष्णतेहून निराळी होती.

ती वस्तू कोणती, याचा धागा १८०१ सालीच जर्मन शास्त्रज्ञ योहान विल्हेल्म रिटर यांच्या हाती लागला होता. इंद्रधनुष्याच्या जांभळ्या पट्ट्यापलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथेही चांदीचा क्षार काळा पडतो असे त्यांनी दाखवले. हेच अतिनील किरण. १८५८ साली पॅरिसमध्ये विजेच्या कमानीवर प्रयोग करणाऱ्या दोन रसायनतज्ज्ञांची कातडी उन्हाने भाजावी तशी भाजली, तेव्हा डॉक्टर शार्को यांनी त्याचा दोष उष्णतेला न देता या अदृश्य किरणांना दिला. आपल्याकडे वेल्डिंगच्या कामावर नवा पोरगा उघड्या डोळ्यांनी आणि उघड्या गळ्याने उभा राहतो आणि रात्री डोळे चोळीत तळमळतो, तोच हा प्रकार. अखेर १८८९ साली स्टॉकहोमच्या एरिक विडमार्क यांनी प्रयोगाने सिद्ध केले की, उष्णतेचे किरण वगळले तरी कातडी भाजते, आणि अतिनील किरण वगळले तर भाजत नाही.

या एका गोष्टीचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. वारा सुटला, आभाळ थोडे झाकोळले, थंड हवेच्या ठिकाणी गेलो, म्हणजे उन्हाचा त्रास नाही असे आपण धरून चालतो. अतिनील किरणांना वाऱ्याशी कर्तव्य नाही. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीला ते सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. कोरडी वाळू त्यांतले सुमारे पंधरा टक्के परत फेकते, समुद्राचा फेस पंचवीस टक्के, आणि ताजे बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत. खलाशाच्या टोपीखाली ऊन शिरत होते ते असे खालून.

एवढे ज्ञान विसाव्या शतकाच्या आरंभीच जमले होते. मग कामगाराच्या डोक्यावर सावली का आली नाही? याचे एक कारण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच काळात सूर्य औषध म्हणून पुढे आला. डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांनी कातडीचा क्षयरोग प्रकाशकिरणांनी बरा केला आणि १९०३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ऑग्युस्त रोलिए यांनी स्वित्झर्लंडमधल्या लेझां गावी हाडांच्या क्षयाच्या रोग्यांना उन्हात निजवायला आरंभ केला. १९१९ साली बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेली मुले अतिनील दिव्याने बरी केली. कातडीवर ऊन पडल्याने शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते, हा शोध याच वाटेने लागला.

कामगार चळवळीनेही या लाटेचे स्वागतच केले, आणि त्यात चूक नव्हती. अंधाऱ्या खोल्यांत वाढणाऱ्या मुलांसाठी ऊन आणि हवा मागणे ही न्याय्य मागणी होती, आजही आहे. पण एक भेद आमच्या लोकांच्याही नजरेतून सुटला. सकाळचे कोवळे ऊन अंगावर घेणे निराळे आणि दुपारी माथ्यावर ऊन घेऊन आठ तास खडी फोडणे निराळे. औषधाला मात्रा असते. खलाशाची मात्रा कोणी मोजली नव्हती.

पुरावे मात्र वाढतच गेले. १९२८ साली लंडनमध्ये जॉर्ज फिंडले यांनी अतिनील किरणांनी उंदरांच्या कातडीत कर्करोग उत्पन्न करून दाखवला. पुढच्या दशकात ब्यूनस आयर्सचे आंखेल रोफो यांनी पांढऱ्या उंदरांवर प्रत्यक्ष सूर्यप्रकाशाने तेच घडवले. खिडकीच्या काचेआड ठेवलेले उंदीर मात्र बचावले. हे किरण पेशीच्या केंद्रातील वंशसूत्रांना इजा करतात, आणि शरीर ती इजा दुरुस्त करीत असते, हे १९६४ सालच्या संशोधनातून पुढे आले. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जेम्स क्लीव्हर यांनी दाखवले की, झेरोडर्मा पिग्मेंटोसम या जन्मजात रोगात ही दुरुस्तीच नीट होत नाही. म्हणून अशा मुलांची कातडी बालपणीच म्हाताऱ्या खलाशासारखी होते. निरोगी माणसातही दुरुस्ती रोज चालते, पण पूर्ण होत नाही. उरलेले खाते वर्षानुवर्षे साठत जाते आणि पन्नाशी-साठीत त्याची वसुली होते. १९९२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने सूर्यप्रकाशाला माणसात कर्करोग करणाऱ्या सिद्ध कारणांच्या यादीत घातले.

आता दुसरा प्रश्न: उपाय प्रथम कोणाच्या हाती गेला? १९३६ साली फ्रान्समध्ये मोठे संप झाले आणि कामगारांनी पंधरा दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळवली. लोक प्रथमच समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवायला निघाले. त्याच सुमारास पॅरिसच्या एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने उन्हात अंगाला लावायचे तेल बाजारात आणले. पुढे, १९४६ साली, ऑस्ट्रियाचे रसायनतज्ज्ञ फ्रांझ ग्राइटर यांनी गिर्यारोहकांसाठी मलम काढले, आणि अशा मलमांची ताकद मोजण्याचे जे माप आज प्रत्येक नळीवर छापलेले असते, तेही १९६२ साली त्यांच्याच नावे रूढ झाले. कामगार सुट्टीत किनाऱ्यावर गेला तर त्याच्यासाठी तेल होते. तोच सोमवारी बोटीवर किंवा परातीवर गेला तर त्याच्यासाठी काही नव्हते. संरक्षण मिळायचे ते गिऱ्हाइकाला, मजुराला नव्हे.

तिसरा प्रश्न कायद्याचा. येथे आमची एक आठवण सांगणे भाग आहे. एका कामावर दुपारच्या सुट्टीची आणि सावलीच्या मांडवाची मागणी घेऊन आम्ही गेलो होतो. समोरचा ठेकेदार हसून म्हणाला, "ऊन काय आम्ही पाडतो?" आमच्या बरोबरचे लोकही क्षणभर हसले. उत्तर आम्हाला त्या दिवशी सुचले नाही. पुढे इतिहास वाचताना दिसले की, युरोपातल्या कायद्यांनाही ते पुष्कळ काळ सुचले नव्हते.

जर्मनीतच पाहा. तिथे व्यवसायजन्य रोगांची पहिली यादी १९२५ साली झाली. तिच्यात अकरा रोग होते. काजळी, पॅराफिन, डांबर यांमुळे होणारा त्वचेचा कर्करोग तिच्यात होता. काचभट्टीच्या झळीने डोळ्यांत वाढणारा मोतीबिंदू होता. क्ष-किरणांनी होणारे विकार होते. उन्नांनी आपल्या ग्रंथात वर्णन करून एकतीस वर्षे झाली होती, तरी खलाशाची कातडी मात्र त्यात नव्हती. आपल्याकडे १९२३ साली झालेल्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टातही डांबर, पिच आणि खनिज तेलाने होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाला जागा मिळाली. उन्हाने होणाऱ्याला नाही. कारण उघड आहे. डांबर मालकाच्या आवारात असते, भट्टी मालकाची असते. सूर्य कोणाच्याच आवारात नाही. ज्या गोष्टीला मालक नाही तिच्याबद्दल दावा कोणावर लावायचा?

पण हे अर्धेच खरे आहे. सूर्य मालकाचा नसेल. उन्हातले तास मालकाचे आहेत. भोंगा कधी वाजायचा, जेवणाची सुट्टी कधी, स्लॅब दुपारी टाकायचा की सकाळी, मांडव घालायचा की नाही, हे सूर्य ठरवीत नाही. जर्मनीने हे १ जानेवारी २०१५ रोजी मान्य केले. वर्षानुवर्षे उघड्यावर काम केलेल्या माणसाच्या कातडीवर विशिष्ट प्रकारचा कर्करोग झाला, किंवा एका वर्षात पाचांहून अधिक खवल्यासारखे चट्टे उठले, तर तो व्यवसायजन्य रोग धरला जाऊ लागला. १८९४ ते २०१५ हा हिशेब एकशे एकवीस वर्षांचा आहे. हॅम्बुर्गच्या ज्या खलाशांमुळे या रोगाला नाव मिळाले, त्यांच्या पणतवंडांनाही तो कायदा म्हातारपणीच भेटला असेल. २०१९ साली आणखी एक पाऊल पडले: उघड्यावर कडक उन्हात रोज तासभर किंवा अधिक काम असेल, तर वैद्यकीय तपासणीची सोय देणे मालकावर बंधनकारक झाले.

हा प्रश्न केवळ गोऱ्या देशांचा उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२३ साली १८३ देशांचा एकत्र अंदाज प्रसिद्ध केला. त्याप्रमाणे २०१९ साली कामाच्या निमित्ताने सूर्याचे अतिनील किरण अंगावर घेणारी माणसे सुमारे १६० कोटी होती, आणि अशा कामामुळे त्वचेच्या कर्करोगाने मेलेल्यांची संख्या सुमारे १९,००० होती. काळ्या तिळापासून वाढणारा मेलॅनोमा वगळता त्वचेच्या इतर कर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ दर तिसरा मृत्यू उन्हातल्या कामाचा आहे.

आता कोणाच्या मनात येईल, आपली कातडी सावळी, आपल्याला याचे काय? या शंकेत तथ्य आहे आणि ते आम्ही लपवीत नाही. कातडीतले मेलॅनिन हे काळे द्रव्य निसर्गाने दिलेली छत्रीच आहे. अमेरिकेत १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत गोऱ्या कातडीच्या वरच्या थरातून भाजणारे अतिनील किरण सरासरी २४ टक्के आत गेले, कृष्णवर्णीयांच्या कातडीतून ७.४ टक्के. आपण या दोहोंच्या मधे कुठे तरी बसतो. बोटींवर रत्नागिरीकडचे आणि गोव्याचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या राबले, पण उन्नांनी पाहिलेला रोग त्यांच्यात क्वचितच दिसतो. भारतात त्वचेचा कर्करोग एकंदरीत कमी आहे. म्हणून भिण्याचे कारण नाही. पण छत्रीला भोके असतात. कातडी रापणे, अकाली सुरकुतणे, वांग गडद होणे, डोळ्यांत मोतीबिंदू वाढणे, हे सावळ्या माणसालाही चुकत नाही. ज्यांच्या अंगात जन्मतःच हे द्रव्य नाही, अशा पांढऱ्या केसांच्या आणि गोऱ्यापान कातडीच्या आपल्याच भावंडांना तर खलाशाहून अधिक धोका आहे. त्यांना 'सूर्यमुखी' म्हणून हिणवणाऱ्या समाजाने त्यांच्या हातात निदान एक छत्री द्यावी.

बिघाड ओळखावा कसा? सोपी खूण अशी. दंडाच्या आतल्या बाजूची कातडी पाहा. तिने ऊन पाहिलेले नसते. ती मऊ आणि एकरंगी असते. तिच्या शेजारी हाताची मागची बाजू धरा. दोहोंत जो फरक दिसतो त्याचा मोठा हिस्सा वयाचा नाही, उन्हाचा आहे. मानेच्या मागे चौकटी-चौकटींच्या खोल रेघा पडणे, नाकागालांवर डाग, खालचा ओठ कायम कोरडा व खवले धरलेला, ही साठलेल्या उन्हाची लक्षणे. सॅंडपेपरसारखा खरखरीत चट्टा डोळ्याआधी बोटाला कळतो. तो गोऱ्या किंवा फिकट कातडीवर अधिक. जी जखम महिनाभरात भरत नाही, जिच्यावर खपली धरते, निघते आणि पुन्हा रक्त येते, तिला मलमे लावीत बसू नये, डॉक्टरला दाखवावी. एखादा तीळ वाढू लागला, त्याची कड वेडीवाकडी झाली, त्यात दोन-तीन रंग दिसू लागले, तर तोही दाखवावा. सावळ्या लोकांत घातक तीळ बहुधा तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली उगवतो. त्याचा उन्हाशी संबंध नाही, पण तपासताना तळवे विसरू नयेत.

याच्या उलटचा इशाराही तितकाच महत्त्वाचा आहे: प्रत्येक चट्टा उन्हाच्या माथी मारू नये. फिकट चट्टा पडून तिथे स्पर्श कळेनासा झाला तर तो कुष्ठरोग असू शकतो, आणि तो वेळीच औषधाने पूर्ण बरा होतो. दुसरे उदाहरण इतिहासातले आहे आणि आमच्या विषयाच्या गाभ्याचे आहे. १७३५ साली स्पेनमधल्या आस्तुरियास प्रांतात डॉक्टर गास्पार कासाल यांनी मका खाऊन जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांच्या गळ्याभोवती हारासारखा लाल-काळा पट्टा पाहिला. इटलीत या रोगाचे नाव पेलाग्रा. ऊन पडते तिथेच तो उठतो, म्हणून इटलीत त्याला उन्हाचा रोगही म्हणत. पुढे अमेरिकेत जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ च्या सुमारास दाखवले की, तो निकृष्ट अन्नाचा रोग आहे. आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवर गुजराण करणाऱ्या मजुरांतही तो दिसला आणि हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे डाग उन्हात उठला, पण त्याचे मूळ मजुरीत होते. पोटाला डाळ, दूध, शेंगदाणे मिळाले असते तर त्याच उन्हात तो उठला नसता.

उपचारांची हकीकत थोडक्यात सांगतो. खरखरीत चट्टे गोठवून काढण्याची रीत जुनी आहे. १९०७ साली शिकागोचे विल्यम पुसी यांनी गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडने ती सुरू केली. १९५० पासून उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन वापरात आला. कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या फ्लुरोयुरॅसिल या औषधाने रोग्यांच्या कातडीवरचे जुने खवले आपोआप पेटून गळून पडतात, असे १९६० नंतरच्या वर्षांत डॉक्टरांच्या ध्यानात आले, आणि त्याचे मलम झाले. त्वचेचा कर्करोग थराथराने कापून, प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासून काढण्याची पद्धत विस्कॉन्सिनच्या फ्रेडरिक मोस यांनी १९३६ पासून वापरली. वेळीच आलेला रोगी यांतल्या बहुतेक उपायांनी बरा होतो. उशीर हाच खरा शत्रू.

रापलेल्या कातडीच्या सुरकुत्या कमी करणारे रेटिनॉइक आम्लाचे मलम १९८६ साली गाजले. त्याचे एक जनक फिलाडेल्फियाचे डॉक्टर अल्बर्ट क्लिगमन. त्यांचे नाव घेताना दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हाला जमणार नाही. १९५१ ते १९७४ या काळात त्यांनी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या कातडीवर शेकडो प्रयोग केले. कैद्यांत कृष्णवर्णीयांचा भरणा मोठा होता. थोड्या डॉलरांसाठी ते पाठ पुढे करीत, आणि काय लावले जात आहे हे त्यांना नीट सांगितले जात नसे. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने २०२१ साली आणि शहराने २०२२ साली माफी मागितली. मलम आज सुखवस्तू घरांच्या आरशासमोर आहे. कातडी पुन्हा एकदा त्यांचीच कामी आली, ज्यांना नाही म्हणायची सोय नव्हती.

राहिला प्रतिबंध. मलमांचा उपयोग होतो का? होतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड प्रांतात नॅम्बोर नावाचे गाव आहे. तिथल्या १,६२१ रहिवाशांवर १९९२ ते १९९६ पर्यंत पाहणी झाली. रोज मलम लावणाऱ्या गटात एका प्रकारचा त्वचेचा कर्करोग सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी आढळला. कातडीचे म्हातारपणही मंदावले. पण त्याच ऑस्ट्रेलियाने १९८१ साली जी लोकमोहीम काढली तिचा क्रम ध्यानात घ्या: आधी अंगात सदरा, मग मलम, मग डोक्यावर टोपी. मलम हा एकमेव उपाय तिनेही मानला नाही. आपल्या माणसाला तर महागडी नळी रोज परवडणार नाही. घट्ट विणीचे, बाह्यांचे कापड, रुंद काठाची टोपी, मुंडासे, डोक्यावरून घेतलेला पदर आणि मानेवर टाकलेला पंचा हे जुने उपाय शास्त्राच्या कसोटीला उतरतात. विरळ कापड भिजले की त्यातून किरण अधिक जातात, एवढे लक्षात ठेवावे. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन कडक झाले, ही खूण पोरालाही शिकवता येते. आणि काळेपणा घालवण्यासाठी दुकानातून स्टिरॉइडची मलमे परस्पर आणून चेहऱ्याला चोपडू नयेत. ती कातडी पातळ करतात आणि उन्हाने केले नाही ते नुकसान करतात.

काचेबद्दलही एक शब्द. रोफोंचे उंदीर काचेआड बचावले हे खरे, पण अतिनील किरणांतला लांब लहरींचा भाग साध्या काचेतून आत येतो. २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाने अठ्ठावीस वर्षे मालमोटार चालवलेल्या एका वृद्धाचे छायाचित्र छापले: खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी भरलेला, उजवा पुष्कळ तरुण. आमच्या कचेरीत जुने ड्रायव्हर येतात, त्यांचा उजवा हात डाव्याहून काळा असतो. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. ती त्यांच्या थट्टेची गोष्ट होती. ते छायाचित्र पाहिल्यापासून आम्ही त्या थट्टेत सामील होत नाही.

आता त्या ठेकेदाराला उत्तर देता येईल. ऊन तुम्ही पाडीत नाही हे खरे, पण माणसाला उन्हात उभे तुम्ही करता. कतारने २०२१ साली १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहापासून साडेतीनपर्यंत उघड्यावरच्या कामाला बंदी केली. कारण उष्णतेचे होते, पण त्यात कातडीचेही रक्षण होते. आणि तिथे राबणाऱ्यांत आपल्या देशाचे लोक लाखांनी आहेत. परक्या देशात जे आपल्या माणसाला मिळू शकते, ते मिठागरात, उसाच्या फडात, रस्त्याच्या कामावर येथे का मिळू नये? मांडव, पिण्याचे पाणी, दुपारची सुट्टी, वर्षाकाठी एक तपासणी: या चार गोष्टींना फार पैसा लागत नाही.

आपण नगरवासी श्रोते संध्याकाळच्या गार हवेत हे ऐकत आहात. उद्या दुपारी घराबाहेर पडाल तेव्हा सिग्नलवरच्या पोलिसाकडे, परात उचलणाऱ्या बाईकडे, टपाल वाटणाऱ्या माणसाकडे एकदा पाहा. आपल्या घराचे काम काढले असेल तर गवंड्याला अकरा ते तीन सावलीतले काम द्या. त्याला कायद्याची वाट पाहायला नको. कायद्याला एकशे एकवीस वर्षे लागतात, हे आपण पाहिलेच आहे.